जाधव आणि जाधव

मराठीत ‘जाधव’ हे आडनाव एकाच रीतीने लिहिता येते. कोल्हापूरला जा नाहीतर जिजाऊंच्या माहेरी सिंदखेडराजाला जा, अक्षरे तीन आणि काना एक. इंग्रजीत मात्र आपल्या पश्चिम महाराष्ट्रातले जाधव शेवटी ‘व्ही’ लावतात, विदर्भातले बरेचसे ‘ओ’ लावतात आणि एखादा ‘डब्ल्यू’वालाही भेटतो. यात बरोबर कोण आणि चूक कोण, हा वाद व्यर्थ आहे. त्या त्या भागातल्या मास्तरांनी कधीकाळी शाळेच्या दाखल्यावर जे लिहिले असेल, ते वहिवाटीने चालत आले. बुलढाण्याचे जाधव बुलढाण्यात आणि कराडचे कराडात होते, तोवर कोणाचे काही अडले नाही. ते दोघे चाकणच्या एमआयडीसीत एकाच ठेकेदाराच्या हजेरीपटावर आले, तेव्हा अडले.

कसे अडते पाहा. ठेकेदाराचा सुपरवायझर समजा सातारचा. त्याने सवयीने सगळ्या जाधवांना ‘व्ही’ लावून पीएफचे फॉर्म भरून टाकले. बुलढाण्याच्या मुलाच्या दहावीच्या गुणपत्रिकेवर ‘ओ’. आधार कार्डावर ‘ओ’. बँकेच्या पासबुकावर आणखी तिसरेच काही. आठ महिन्यांनी ठेका संपला, दुसरा ठेकेदार आला, पुन्हा नवा फॉर्म. पाच-सात वर्षे अशी गेल्यावर बहिणीच्या लग्नासाठी म्हणून तो पीएफचे पैसे काढायला जातो आणि संगणक सांगतो, नाव जुळत नाही. ‘मिसमॅच’ हा शब्द आता चाकणच्या चहाच्या टपरीवर सगळ्यांना समजतो.

माझा या प्रकाराशी संबंध जुना आहे. १९८० च्या दशकात मी बँकेत लागलो आणि काही वर्षे पुणे-मुंबई रस्त्यावरच्या एका शाखेत काढली. तेव्हा पिंपरी-चिंचवड महापालिका नुकतीच झाली होती. आमच्याकडे खातेदारांच्या नावांचे एक जाडजूड अनुक्रमणिकेचे रजिस्टर असे, कडेला इंग्रजी अक्षरांच्या खाचा पाडलेले. वाघमारे ‘व्ही’मध्ये सापडले नाहीत तर ‘डब्ल्यू’त पाहायचे, हे शिपायालाही ठाऊक असे. वानखेडे, वैद्य, वाघ यांचेही तेच. शिवाय माणूस समोर उभा असे. त्याची सही, फोटो, गाव, वडिलांचे नाव, झालेच तर शेजारच्या खात्यातल्या मेहुण्याची ओळख, एवढ्या दोऱ्या हाताशी असताना एका ‘ओ’साठी कोणी कोणाला परत पाठवीत नसे. १९८४ साली रंगराजन समितीचा अहवाल आला, मग हळूहळू यंत्रे आली. हे सगळे ‘ठाऊक असणे’ त्या यंत्रांना शिकवायचे कोणी, हा प्रश्न काउंटरवर तरी कोणी विचारल्याचे मला आठवत नाही.

खरे तर हा प्रश्न संगणकाहूनही जुना आहे. अमेरिकेत पिट्सबर्गच्या रॉबर्ट रसेल नावाच्या गृहस्थांनी एप्रिल १९१८ मध्ये एक पेटंट मिळवले. नावांची कार्डे स्पेलिंगनुसार न लावता उच्चारानुसार लावायची, म्हणजे एकसारखी ऐकू येणारी नावे कपाटाच्या एकाच खणात येतील, ही त्यांची कल्पना. तिच्यातून पुढे रूढ झालेल्या पद्धतीला ‘साउंडेक्स’ म्हणतात. नियम इतका सोपा आहे की वाचकांनी कागद-पेन्सिल घेऊन करून पाहावा. नावाचे पहिले इंग्रजी अक्षर तसेच ठेवायचे. पुढचे सगळे स्वर गाळायचे. ‘एच’, ‘डब्ल्यू’, ‘वाय’ हीही गाळायची. उरलेल्या व्यंजनांचे सहा गट आहेत. बी, एफ, पी, व्ही यांना १. सी, जी, जे, के, क्यू, एस, एक्स, झेड यांना २. डी आणि टी यांना ३. एल एकटे, त्याला ४. एम आणि एन यांना ५. आर एकटे, त्याला ६. एकाच गटातली अक्षरे लागून आली तर एकदाच मोजायची. तीन आकडे झाले की थांबायचे. कमी पडले तर पुढे शून्ये.

या पद्धतीला मोठे काम मिळाले ते १९३० च्या दशकात, आणि तेही पेन्शनच्या निमित्ताने. १९३५ साली अमेरिकेत सामाजिक सुरक्षेचा कायदा झाला. वय सिद्ध केल्याशिवाय पेन्शन नाही, आणि म्हाताऱ्या माणसांपाशी जन्माचे दाखले नाहीत. तेव्हा सरकारने जुन्या जनगणनेची दप्तरे बाहेर काढली. मंदीत बेकार झालेल्या लोकांना रोजगार म्हणून बसवले आणि घराघराची कार्डे साउंडेक्सप्रमाणे लिहून घेतली. १८८० च्या जनगणनेतली तर फक्त ज्या घरांत दहा वर्षांची किंवा त्याहून लहान मुले होती तीच घरे घेतली. कारण ती मुले आता पंचावन्न ते पासष्ट वर्षांची होती आणि पेन्शन मागायला तीच येणार होती. स्पेलिंग बदललेल्या म्हाताऱ्याला त्याचे बालपणचे नाव शोधून देण्याचे काम सरकारने आपल्या खर्चाने केले, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आता आपली नावे या चाळणीतून काढून पाहू. चौधरी हे आडनाव इंग्रजीत किती तऱ्हांनी लिहितात त्याला गणती नाही. बंगालपासून खानदेशापर्यंत प्रत्येकाचे स्वर निराळे. साउंडेक्सला स्वरांशी कर्तव्यच नसल्यामुळे सगळ्यांचे उत्तर एकच येते, सी-३६०. लक्ष्मी ‘एक्स’ने लिहा की ‘के-एस-एच’ने, उत्तर एल-२५०. इंग्रजांचे पूना आणि आपले पुणे, दोन्ही पी-५००. सगळ्यात गंमत शिंद्यांची. इंग्रज कारकुनांनी ग्वाल्हेरच्या शिंद्यांचे ‘सिंदिया’ केले, आणि तेही ‘एस’नंतर एक ‘सी’ घुसडून. साउंडेक्समध्ये ते दोघे पुन्हा एकत्र येतात, एस-५३०.

पण मग बाकीचेही डोकावू लागतात. शेंडे? एस-५३०. संत? एस-५३०. सावंत? ‘डब्ल्यू’ने लिहिले तर तेही एस-५३०, कारण ‘डब्ल्यू’ गळते. म्हणजे शिंदे, शेंडे, संत आणि सावंत एका खणात. तेच सावंत ‘व्ही’ने लिहिले तर एस-१५३, आपल्याच भाऊबंदांपासून तुटलेले. बुलढाण्याच्या आपल्या मुलाचे काय होते? ‘व्ही’चे जाधव जे-३१०, ‘ओ’चे आणि ‘डब्ल्यू’चे जाधव जे-३००. चिंचवडसुद्धा ‘डब्ल्यू’ने सी-५२३ आणि ‘व्ही’ने सी-५२१. वाघमारे तर पहिल्याच अक्षराला अडतात. आकडे तेच २५६, पण खण वेगळे. आमच्या शिपायाला जे ठाऊक होते ते या नियमाला ठाऊक नाही.

याचे कारण उघड आहे. नियम अमेरिकन कानांसाठी केलेला. तिथे ‘डब्ल्यू’चा उच्चार जवळजवळ स्वरासारखा, ओठ गोल करून. आपल्याकडे व एकच आहे आणि तो लिहायला दोन इंग्रजी अक्षरे मिळाली, ज्याने त्याने आवडेल ते घेतले. ‘ड’चेही तसेच. इंग्रजांना त्यात ‘आर’ ऐकू आला. म्हणून गायकवाडांचे ‘गायकवार’ झाले आणि खडकीचे ‘किर्की’. १८१७ ची लढाई इंग्रजी पुस्तकांत त्याच नावाने सापडते. साउंडेक्सला ‘डी’ म्हणजे ३ आणि ‘आर’ म्हणजे ६, त्यामुळे दापोडीच्या पुलापलीकडची खडकी आणि तीच किर्की त्याच्या लेखी दोन गावे आहेत.

आणि आळंदी? पिंपरी-चिंचवडहून चाकणकडे निघालेल्या माणसाला आळंदी अगदी हाताशी. या भागात ज्ञानेश्वर नावाची माणसे किती असतील! आपण मराठी माणसे त्याचे इंग्रजी ‘डी-एन-वाय’ने सुरू करतो. उत्तरेकडचा डेटा ऑपरेटर त्याच्या उच्चाराप्रमाणे ‘जी-वाय’ने. संस्कृतचा अभिमानी असेल तर ‘जे-एन’ने. डी-५५२, जी-५२६, जे-५५२. ज्या नावाचा गजर एका सुरात होतो, त्याची तीन खणांत तीन माणसे.

हा अनुभव फक्त आपलाच नाही. पूर्व युरोपातून गेलेल्या ज्यू कुटुंबांना अगदी हाच ‘डब्ल्यू’-‘व्ही’चा त्रास झाला. मॉस्कोविट्झ हे आडनाव ‘डब्ल्यू’ने लिहिले तर एम-२३२ आणि ‘व्ही’ने लिहिले तर एम-२१३. दोन महायुद्धांत पांगलेली माणसे शोधायची तर हे चालणार नव्हते. १९८५ मध्ये गॅरी मोकोटॉफ आणि रँडी डाइच या दोघा वंशावळ-संशोधकांनी त्या भाषांच्या उच्चारांसाठी स्वतंत्र नियम तयार केले. त्यात पहिले अक्षरही आकड्यात जाते आणि जिथे एका अक्षराचे दोन उच्चार संभवतात तिथे एका नावाला दोन क्रमांक मिळतात. पुढे लॉरेन्स फिलिप्स यांनी १९९० मध्ये ‘मेटाफोन’ आणि २००० मध्ये ‘डबल मेटाफोन’ काढले. त्यांचाही कल इंग्रजी आणि युरोपीय नावांकडेच.

उच्चार सोडून नुसती अक्षरे मोजण्याचा दुसरा मार्ग आहे. १९६४ मध्ये आयबीएमच्या फ्रेडरिक डॅमेराउ यांनी दाखवून दिले की टंकलेखनातल्या ८० टक्क्यांहून अधिक चुका चारच प्रकारच्या असतात. एक अक्षर जास्त, एक कमी, एक बदललेले किंवा शेजारच्या दोघांची अदलाबदल. पुढच्याच वर्षी रशियाचे व्लादिमीर लेव्हेन्श्टाइन यांनी दोन शब्दांमधले अंतर मोजण्याची रीत मांडली. किती अक्षरे घालावी, काढावी किंवा बदलावी लागली की एकाचा दुसरा होतो, तेवढे अंतर. या मापाने दोन्ही जाधवांमध्ये अंतर एक. छान. पण शिंदे आणि शेंडे यांतही अंतर एकच, आणि काळे आणि काणे यांतही एकच! पहिली जोडी एक माणूस, बाकीच्या जोड्यांत दोन निरनिराळी घराणी. मापाला ते कळत नाही, कारण ते अक्षरांत नाहीच. ते आपल्या माहितीत आहे.

मी अधिकारी म्हणून काउंटरच्या पलीकडे बसलो आहे, म्हणून दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. यंत्राने उदार व्हावे असे म्हणणे सोपे आहे. चुकीच्या माणसाला गेलेली रक्कम परत येता येता जीव जातो. एका कारखान्यात दोन संजय जाधव, दोघांचे वडील रामराव, हे मी पाहिले आहे. जन्मतारखेने तरी फरक पडेल म्हणावे, तर गावाकडच्या शाळेत घालताना मास्तरांनी दोघांचीही १ जून लिहिलेली. जुन्या पिढीतल्या निम्म्या महाराष्ट्राचा वाढदिवस १ जूनला असतो, हे काही लपलेले नाही. तेव्हा नाव सारखे आणि तारीख सारखी म्हणून माणूस तोच, असे आपल्याकडे म्हणता येत नाही.

यावरचे सर्वांत शहाणपणाचे उत्तर मला १९६९ सालच्या एका प्रबंधात दिसते. कॅनडाच्या सांख्यिकी कार्यालयातले इव्हान फेलेगी आणि ॲलन सन्टर यांनी तो लिहिला. त्यांचे म्हणणे असे की, दोन नोंदी एकाच माणसाच्या आहेत का, हे एका खुणेवरून ठरवू नका. प्रत्येक खुणेला तिचे वजन द्या. जाधव जुळले तर वजन थोडे, कारण जाधव पुष्कळ. विरळा आडनाव जुळले तर वजन जास्त. वडिलांचे नाव, गाव, तारीख (१ जून असेल तर तिचे वजन आपण कमी धरू), सगळ्यांची बेरीज करा. मग नोंदींचे ढीग दोन नव्हे, तीन करा. नक्की जुळणाऱ्या, नक्की न जुळणाऱ्या आणि मधल्या, म्हणजे ज्या माणसाने स्वतः पाहून ठरवायच्या.

आपल्याकडे हा मधला ढीगच नाहीसा झाला आहे. अक्षर न् अक्षर जुळले तर ‘हो’, नाहीतर ‘नाही’. मधल्या ढिगाचे काम संपले असे मात्र नाही. ते कामगाराच्या अंगावर पडले. तो खाडा करून नोटरीकडे जातो, प्रतिज्ञापत्र करतो. त्या प्रतिज्ञापत्राची मराठी प्रत वाचण्यासारखी असते: ‘मी शपथेवर लिहून देतो की, जाधव आणि जाधव ही एकच व्यक्ती आहे.’ नोटरीसाहेब शांतपणे शिक्का मारतात. तो कागद घेऊन ठेकेदाराच्या सहीसाठी जावे, तर ठेकेदाराने ऑफिस गुंडाळलेले.

हे केवळ हेलपाट्यांचे दुखणे असते तर एवढे लिहिले नसते. पीएफचा कायदा १९५२ चा आणि त्याला जोडलेली पेन्शन योजना नोव्हेंबर १९९५ ची. तिच्यात दरमहा पेन्शन मिळायला दहा वर्षांची नोकरी लागते. २०१४ मध्ये प्रत्येक कामगाराला एकच कायमचा क्रमांक, युएएन, देण्याची पद्धत सुरू झाली. त्याआधी जितकी नोकरी तितकी खाती. भोसरीत दोन वर्षे, तळवड्यात तीन, चाकणला सहा. हे तुकडे एकमेकांना जोडले तर दहा वर्षे भरतात. एक तुकडा ‘व्ही’ने आणि दुसरा ‘ओ’ने असला आणि ते जुळलेच नाहीत, तर भरत नाहीत. एका अक्षराची किंमत म्हातारपणच्या दरमहा पैशांत होते ती अशी. जानेवारी २०२५ मध्ये मोठी सुधारणा झाली, हे सांगितले पाहिजे. १ ऑक्टोबर २०१७ पासून आधारच्या पडताळणीने युएएन मिळालेल्यांना नाव, जन्मतारीख वगैरे स्वतःच ऑनलाइन दुरुस्त करता येते. मालकाची किंवा कार्यालयाची मंजुरी लागत नाही. पण त्यापूर्वीच कामाला लागलेले, आज पन्नाशी-साठीला आलेले जे लोक आहेत, तुकडे नेमके त्यांचेच जास्त आहेत.

बँकांचेही असेच. दहा वर्षे कोणी हात न लावलेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा होतात. त्या शोधण्यासाठी ऑगस्ट २०२३ मध्ये ‘उद्गम’ हे संकेतस्थळ निघाले. मार्च २०२४ पर्यंत त्यावर ३० बँका आल्या. सोय चांगली आहे, मी अनेकांना सांगतो. पण शोध नावाने घ्यायचा, आणि वडिलांनी १९७० च्या दशकात पिंपरीच्या कोणत्या शाखेत कोणत्या स्पेलिंगने खाते उघडले होते, हे मुलाला कुठून ठाऊक असणार? म्हणून सांगतो की, शोधताना ‘व्ही’ने झाले की ‘डब्ल्यू’ने करा, ‘ए’ घालून आणि ‘ए’ गाळून करा. भोसलेंनी तर हे जरूर करावे.

खरे म्हणजे हे सारे कोडे रोमन लिपीत उतरल्यावरच पडते. रसेलसाहेबांनी १९१८ मध्ये व्यंजनांचे ओष्ठ्य, दंत्य, कंठ्य असे गट पाडले. आपली वर्णमाला जन्मतःच तशी लावलेली आहे: कवर्ग, चवर्ग, टवर्ग, तवर्ग, पवर्ग. भारतीय लिप्यांसाठी १९९१ मध्ये प्रमाणित झालेल्या ‘इस्की’ संकेतप्रणालीत तर मराठीचा क, गुजरातीचा क आणि बंगालीचा क यांना एकच संकेत होता, लिपी वेगळी असली तरी ध्वनी एक म्हणून. त्यासाठी झटलेल्यांत आपल्या पुण्याच्या सीडॅकचा मोठा वाटा होता. देवनागरीत जाधव जाधवांना चुकत नाहीत. फार तर ऱ्हस्व-दीर्घ, शिंद्यांचा अनुस्वार की अर्धा न, श की ष, ळ की ल, एवढेच फरक सांभाळायचे. ते नियम बसवणे अवघड नाही.

अडचण आहे ती माल आधीच रोमनमध्ये भरून ठेवल्याची. रोमनमध्ये ट आणि त एक, ड आणि द एक, ळ आणि ल एक. तिथून यंत्राने परत मराठी केले की काळ्यांचे ‘काले’ होतात, साठ्यांचे ‘साथे’. दात्यांचे इंग्रजी स्पेलिंग ‘डेट’ आणि मोऱ्यांचे ‘मोर’ असल्याने त्यांच्या वाट्याला काय येत असेल ते त्यांनाच विचारा. आधार कार्डावर दोन्ही लिप्यांत नाव असते ही चांगली गोष्ट. पण कित्येक कार्डांवरचे मराठी हे इंग्रजीवरून उलटे आलेले मराठी असते. कामगाराच्या शाळेच्या दाखल्यावर त्याचे नाव शुद्ध देवनागरीत आहे. ते पहिल्या दिवशीच फॉर्मवर घेतले असते, तर पुढचे निम्मे काम उरले नसते. चाकणला आता ओडिशा-बिहारकडची मुले मोठ्या संख्येने येतात. त्यांच्या ‘कुमार’ आणि ‘कुमारी’वर आपला मराठी सुपरवायझर काय प्रयोग करीत असेल, हा आणखी एक अध्याय आहे.

जिथे कुठलीच ध्वनीची चाळणी चालत नाही अशी एक जागा उरते. लग्नापूर्वी आईने मुलीच्या नावाने टपालात पैसे ठेवले, नाव सुनंदा विठ्ठल कदम. लग्नात तांदळात नाव लिहिले अश्विनी, आणि ती झाली अश्विनी संजय जाधव. नाव, मधले नाव, आडनाव, तिन्ही नवी. साउंडेक्स, लेव्हेन्श्टाइन, फेलेगी, सगळे इथे हात टेकतात. तिचा नवरा चाकणला कामाला होता आणि त्याच्या पीएफच्या जुन्या फॉर्मवर वारस म्हणून सुनंदा आहे, कारण तो साखरपुड्यानंतर भरला होता. आमच्या लेजरमध्ये अशा वेळी नावापुढे ‘उर्फ’ लिहून दुसरे नाव घालायची सोय होती. तांबड्या शाईने, अधिकाऱ्याच्या आद्याक्षरांसह. आताच्या फॉर्मवर एका नावाची एकच चौकट असते, आणि त्या चौकटीत किती अक्षरे मावतात ते तिच्यावर छापलेले असते.